मायनस वन चालत नाही

"हा घ्या कागद, काशिद मॅडम. तिच्याकडून माफी लिहून घ्या आणि उद्या सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवा."

उपप्राचार्य घाडगे सरांनी कोरा फुलस्केप माझ्यापुढं सरकवला.

"कशाबद्दल माफी, सर?"

"उद्धटपणाबद्दल. मोहोळकर सरांशी भर वर्गात हुज्जत घातली तिनं. तुम्ही वर्गशिक्षिका आहात. हे मी तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. बारावी विज्ञानच्या तबस्सुम आतारनं शुक्रवारी बीजगणिताच्या तासाला, चाचणीचे पेपर परत मिळाल्यावर, उभं राहून सरांना सांगितलं होतं की तुमचं उत्तर चुकलंय. सरांनी बस म्हटलं तर ती बसली नव्हती. सरांनी डस्टर आपटलं, तरी बसली नव्हती. शेवटी तिला वर्गाबाहेर काढलं आणि माफी लिहून देईपर्यंत कुठल्याच तासाला बसू द्यायचं नाही, असा हुकूम निघाला. चार दिवस ती रोज वेळेवर कॉलेजात येत होती, सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसून पुस्तक वाचत होती आणि सुटल्यावर घरी जात होती.

"सर, तिचं उत्तर कुणी बघितलंय का?" मी विचारलं.

"उत्तराचा प्रश्न नाही. वागण्याचा प्रश्न आहे."

"पण उत्तर बरोबर असेल तर?"

घाडगे सरांनी चष्मा काढला. ते रसायनशास्त्राचे. बोलायला कधीच कडक नव्हते, उलट मऊच. "मॅडम, तुम्ही तासिका तत्त्वावर आहात. पुढच्या वर्षी जागा निघणार आहे, तुमचं नाव माझ्या डोक्यात आहे. नसत्या गोष्टीत कशाला पडता?"

तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच आपले. नेमणुकीचं पत्र नाही, सुट्टी नाही, काही नाही. बार्शीच्या त्या कॉलेजात गणित शिकवायचं माझं ते तिसरं वर्ष होतं. वर्गशिक्षिकेचं काम कायम शिक्षकांना नको असायचं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं होतं. मी कागद उचलला. आधी गणित बघायचं ठरवलं.

वर्गशिक्षिका म्हणून तबस्सुमचा चाचणीचा पेपर माझ्याकडंच जमा होता. प्रश्न असा होता: एक्स वजा एकचं वर्गमूळ गुणिले एक्स वजा पाचचं वर्गमूळ, बरोबर बाराचं वर्गमूळ, तर एक्स काढा. पोरांनी काय केलं होतं, तर दोन्ही वर्गमुळं एकाच छपराखाली घेतली, आतला गुणाकार केला, वर्गसमीकरण मांडलं आणि दोन उत्तरं काढली. सात आणि मायनस वन. सरांच्या नमुना उत्तरातही तेच होतं. सात आणि मायनस वन, चारपैकी चार.

तबस्सुमनंही तेवढं सगळं केलं होतं. पण अगदी वर, पहिल्याच ओळीत, तिनं एक चौकट आखली होती. चौकटीत लिहिलं होतं की वर्गमुळाच्या आत ऋण संख्या चालत नाही, म्हणून पहिल्या वर्गमुळासाठी एक्स निदान एक पाहिजे, दुसऱ्यासाठी निदान पाच. दोन्ही एकदम चालायला हवीत म्हणून एक्स पाच किंवा त्याहून मोठा. हा या फंक्शनचा डोमेन. मग शेवटी तिनं मायनस वनवर काट मारली होती आणि पुढं लिहिलं होतं, 'डोमेनमध्ये नाही. चालत नाही.' सरांनी त्या काटेवर लाल काट मारून चारपैकी दोन दिले होते.

मी मायनस वन ठेवून बघितलं. मायनस दोनचं वर्गमूळ गुणिले मायनस सहाचं वर्गमूळ. दोन्ही मुळात निघतच नाहीत. एका छपराखाली घेतली की मात्र मायनसला मायनस खाऊन टाकतो, आत बारा येतात आणि सगळं ठीकठाक दिसतं. पोरगी शंभर टक्के बरोबर होती.

मला राग आला तो तिथंच, आणि तो मोहोळकर सरांवर आला. त्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी याच कॉलेजात, याच सरांकडं मी बीजगणित शिकले होते. डोमेनला ते प्रांत म्हणायचे. पुस्तकात इंग्रजी शब्द असला तरी फळ्यावर 'प्रांत' असंच लिहायचे. "आधी प्रांत बघा, मग गणिताला हात लावा. ज्या घरात आपल्याला प्रवेशच नाही, तिथलं जेवण कसं होतं ते सांगत बसू नका." प्रांत न लिहिता गणित सोडवलं म्हणून माझा अख्खा पेपर त्यांनी एकदा न तपासता परत फेकला होता. त्या दिवसानंतर मी ती ओळ कधी चुकवली नाही. आणि तीच ओळ लिहिणाऱ्या मुलीला हे वर्गाबाहेर काढतात?

मी स्टाफरूममध्ये गेले. मोहोळकर सर खिडकीजवळच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. शेजारी घाडगे सरांची रिकामी खुर्ची. हल्ली घाडगे सर तासांच्या मध्ये तिथंच बसायचे.

"सर, हे एक बघता का?" मी पेपर पुढं ठेवला. "मायनस वन घेता येईल इथं?"

"का नाही?" सरांनी पेन काढलं आणि मार्जिनमध्ये झरझर मांडलं. हात तसाच, अक्षर तसंच मोत्यासारखं. "हे बघ. मायनस दोन गुणिले मायनस सहा, बारा. बाराचं वर्गमूळ. आलं की. चहा आला का गं?"

"नाही अजून. सर, पण वर्गमुळं वेगवेगळी आहेत. आधी वेगवेगळी निघायला पाहिजेत ना?"

त्यांनी पुन्हा कागदाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसले. "बाराच येतात. बघ की. चहा आला का?"

मला वाटलं, हे मला टाळतायत. माणूस चूक झाली की वय सांगतो, अनुभव सांगतो, नाहीतर चहाचं काढतो. मी पेपर ओढून घेतला आणि बाहेर पडले. ज्या माणसाला आपण गुरू मानलं, तो आपली चूक लपवायला एका पोरीचं वर्ष वाया घालवतोय, या विचारानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तबस्सुम कट्ट्यावरच होती. बारीक चणीची, डोळ्यांना जाड चष्मा, ओढणी पाठीमागं गाठ मारून बांधलेली. मला बघून उठली.

"बस," मी म्हटलं आणि शेजारी टेकले. कोरा कागद माझ्या हातात होता. तिनं तो लगेच ओळखला.

"माफीचा आहे ना, मॅडम?"

"हो."

"मी काय लिहू त्यात? 'मायनस दोनचं वर्गमूळ निघतं, मला माफ करा', असं लिहू?"

मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. ती चेष्टा करत नव्हती.

"तू सरांना नेमकं काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, सर, मायनस वन चालत नाही. सर म्हणाले, बस. मी म्हटलं, सर, तुम्ही ठेवून बघा ना एकदा. बाकीचे हसायला लागले. मग सर एकदम चिडले. म्हणाले, मला शिकवतेस? मी म्हटलं, नाही सर, पण ठेवून बघितल्याशिवाय मी बसणार नाही." ती थांबली. "हे शेवटचं बोलायला नको होतं. ते मी मान्य करते. त्याची माफी मागते म्हटलं मी घाडगे सरांना. ते म्हणाले, नाही, उत्तर चुकलं होतं असंही लिही."

"असं म्हणाले?"

"हो. 'माझ्या चुकीच्या उत्तरावरून मी वाद घातला', असं लिहायला सांगितलं. ते नाही लिहिणार मी."

ती पुढं म्हणाली, "मला वाटलं, सरांच्या मनात कदाचित कॉम्प्लेक्स नंबर असतील. म्हणून मी तिथंही ठेवून बघितलं, मॅडम. तिथं ऋण संख्येचं वर्गमूळ निघतं. पण दोन आय, म्हणजे मायनस एकची वर्गमुळं, एकमेकांना गुणली की मायनस होतो. उत्तर मायनस बाराचं वर्गमूळ येतं, म्हणजे वर्गमुळाच्या बाहेर मायनस. प्लस नाही येत. म्हणजे तिथंसुद्धा चालत नाही."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी मनातल्या मनात करून बघितलं. खरं होतं. चार दिवस या कट्ट्यावर बसून ही मुलगी, ज्यांनी तिला बाहेर काढलं त्यांना बरोबर ठरवायचा रस्ता शोधत होती.

"घरी माहीत आहे?" मी विचारलं.

तिनं चष्मा पुसला. "काल घाडगे सरांनी दुकानावर फोन केला. अब्बा उद्या येणार आहेत."

"काय म्हणाले अब्बा?"

ती चष्मा पुसत राहिली. चष्मा काढलेला असल्यानं डाव्या गालावरचं सुजलेलं मला तेव्हा दिसलं, पण मी ते विचारलं नाही. दात दुखत असेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घाडगे सरांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. घाडगे सर टेबलामागं, तबस्सुम भिंतीला टेकून, तिचे वडील रशीदभाई आतार समोर आणि मी. रशीदभाईंचं पेठेत अत्तर आणि उदबत्तीचं छोटं दुकान होतं. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. टोपी हातात घेऊन उभेच राहिले.

"साहेब, लिहून देईल ती. पोरगी आहे, चुकली. तबस्सुम, लिही बेटा."

"अब्बा, मी सांगितलं ना."

"लिही म्हणतो ना मी. बोर्डाचं वर्ष आहे. तुझ्या त्या एका उत्तरानं काय होतंय?"

"उत्तरानं नाही होत काही," ती म्हणाली. "पण मी खोटं लिहिलं तर होतं."

घाडगे सर हसले, मऊ. "बघा, आतार. हे असं आहे. आम्हाला हौस नाही. पण तीस वर्षं शिकवलेल्या माणसाचा अपमान झालाय. ते दुखावलेत. झोप उडालीय त्यांची."

मी कागद टेबलावर ठेवला. कोराच. "सर, हिचं उत्तर बरोबर आहे. मी तपासलंय."

"मॅडम, आपलं बोलणं झालंय यावर."

"झालेलं नाही. आणि माफी मोहोळकर सरांची मागायची आहे ना? मग त्यांनाच बोलवू या. ती त्यांच्यासमोर सांगेल, बसायला सांगितल्यावर मी बसले नाही, माझं चुकलं. आणि सर समोर सांगतील, उत्तर कुणाचं बरोबर."

"सरांना त्रास नको," घाडगे सर पटकन म्हणाले. इतक्या पटकन की मी त्यांच्याकडं बघितलं. "त्यांचा तास आहे."

"ऑफ आहे. मी आणते बोलावून."

"मॅडम, थांबा."

मी थांबले नाही. आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, त्या क्षणी मला सरांना उघडं पाडायचंच होतं. या माणसानं आपल्याच तोंडानं शिकवलेलं आपल्याच तोंडानं खोटं पाडावं आणि ते त्याला सगळ्यांसमोर गिळायला लागावं, एवढंच मला हवं होतं.

सर आले. दारात थांबून त्यांनी सगळ्यांकडं बघितलं, आणि रशीदभाईंना बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, आतार. तुम्ही इकडं कुठं? बसा, बसा. उभे का?" त्यांनी स्वतः खुर्ची ओढली. "वडील कसे आहेत? तुमच्या दुकानातला तो खस मी अजून विसरलो नाही."

रशीदभाई गोंधळले. "वडील जाऊन बरीच वर्षं झाली, सर."

"असं का." सरांचा चेहरा खरोखर उतरला. मग त्यांनी तबस्सुमकडं बघितलं. "ही मुलगी का तुमची? कोणत्या वर्गात आहेस, बाळ?"

रशीदभाईंनी चमकून घाडगे सरांकडं बघितलं.

"बारावी सायन्स, सर," तबस्सुम हळू म्हणाली. "तुमच्याच वर्गात आहे मी."

"असं होय. छान, छान." सरांनी मान हलवली. मग ते घाडगे सरांकडं वळले. डोळ्यांत एकदम घाबरल्यासारखं काहीतरी आलं. गर्दीत सोबतच्याचा हात सुटल्यावर येतं तसं. "घाडगे, माझं काही काम होतं का?"

"काही नाही, सर. सहीचं होतं, झालं. तुम्ही बसा जाऊन, मी आलोच. चहा सांगितलाय."

सर गेले. जाताना त्यांनी रशीदभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडिलांना नमस्कार सांगा म्हणाले.

मला माझेच हात कुठं ठेवावेत कळेना. काल स्टाफरूममध्ये ते दोनदा चहाचं विचारत होते ते मला टाळायला नव्हे, हे मला त्या खोलीत उभी असताना कळलं. तो माणूस माझ्याशी खोटं बोललाच नव्हता. त्याला ते दिसतच नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

घाडगे सरांनी दार लोटून घेतलं. "दीडएक वर्ष. आधी नावं विसरायचे. आता... त्यांच्या घरच्या माझ्याकडं आल्या होत्या. निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय. तेवढं सांभाळून घ्या म्हणाल्या. आम्ही सगळे सांभाळतोय. पेपर ते तपासतात ते आम्ही परत नजरेखालून घालतो. हा राहून गेला."

"सगळे म्हणजे?"

"सगळे. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही टेंपररी."

"मग हिचं उत्तर बरोबर आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी टेबलावरचा कोरा कागद उचलून बाजूला ठेवला.

"सर, माहीत होतं?"

"पेपर दिले त्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "दुसऱ्या तुकडीच्या सरांनी सांगितलं. पण मॅडम, विचार करा. मार्क बदलले की सगळ्यांचे पेपर बदलायला लागतात. मग पालक विचारणार, हे तपासले कुणी? मग सर वर्गात काय करतात ते निघणार. माणूस कालचं विसरतो, उद्या हिचंही विसरला असता. हिनं चार ओळी लिहून दिल्या असत्या तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

रशीदभाई इतका वेळ टोपीकडं बघत होते. आता त्यांनी वर बघितलं. आवाज चढवला नाही.

"साहेब, तुम्ही फोनवर मला म्हणालात, तुमच्या पोरीनं बुजुर्ग माणसाला भर वर्गात रडवलं."

"तसं नाही, आतार, मी म्हटलं की..."

"रडवलं म्हणालात. मी परवा संध्याकाळी हिला मारलं. दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. जन्मात कधी हात लावला नव्हता. हिची अम्मी गेली तेव्हापासून तर नाहीच." त्यांनी तबस्सुमकडं बघितलं. "ही मला सांगत होती, अब्बा, आधी माझं गणित तर बघा. मला गणित येत नाही, साहेब. मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

घाडगे सर म्हणाले, "चुकलं. झालं. तिनं वर्गात बसावं आजपासून. माफी नको, काही नको. विषय संपला."

"आणि माझं उत्तर?" तबस्सुम म्हणाली.

"त्याचं काय आता?"

"वर्गातल्या सगळ्यांना वाटतं, मी चुकले. मागच्या बाकावरचे मला मायनस वन म्हणून हाक मारतात. बरोबर आहे की चूक, ते वर्गात सांगा. सरांचं नाव नका घेऊ. नुसतं उत्तर सांगा."

"ते हळूहळू बघू, बाळ. आत्ता गवगवा नको."

तिनं मोहोळकर सरांना अर्ध्या मिनिटात माफ केलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. सतरा वर्षांची मुलगी; तिला जे समजलं ते समजून तिनं सरांचं नाव बाजूला ठेवलं. आणि हा माणूस, ज्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, तिला म्हणत होता हळूहळू बघू. सरांना सांभाळायचं होतं तर सांभाळायला शंभर रस्ते होते. तास काढून घ्यायचे होते. ग्रंथालयात बसवायचं होतं. पेपर दुसऱ्याकडं द्यायचे होते. पण त्यात कायम शिक्षकांपैकी कुणाला तरी जास्तीचे तास घ्यायला लागले असते. त्यापेक्षा अत्तरवाल्याची पोरगी स्वस्त पडली.

मी घड्याळ बघितलं. पुढचा तास माझा होता, त्याच वर्गावर.

"चल, तबस्सुम," मी म्हटलं. "रशीदभाई, तुम्हीही या. वर्गाबाहेर उभे राहा थोडा वेळ."

"मॅडम," घाडगे सर म्हणाले, "तुमचा त्रिकोणमितीचा तास आहे."

"हो."

वर्ग भरलेला होता. तबस्सुम आत आल्यावर मागून कुणीतरी हळूच 'मायनस वन' म्हणालं आणि खसखस पिकली. ती जाऊन तिच्या जागेवर बसली. मी फळा पुसला आणि ते समीकरण लिहिलं. त्याच्या वर मोठ्या अक्षरात 'प्रांत' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"पहिलं वर्गमूळ कधी निघेल?" मी विचारलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "एक्स एक किंवा मोठा."

"दुसरं?"

"पाच किंवा मोठा."

"दोन्ही एकदम पाहिजेत. मग एक्स कुठं राहील?"

"पाचाच्या पुढं," चारपाच जण म्हणाले.

"आणि मायनस वन कुठं आहे?"

काहींनी आपापले पेपर बाहेर काढले. मी मायनस वन ठेवून दाखवलं, दोन्ही वर्गमुळं वेगळी, मग एका छपराखाली, आणि सांगितलं की छपराखाली घेतल्यावर आपण दुसरंच फंक्शन घेतलेलं असतं. त्याचा प्रांत मोठा असतो आणि त्या मोठ्या प्रांतातलं हे उत्तर आहे, आपल्यातलं नाही. मग मी कॉम्प्लेक्स नंबरमधलंही करून दाखवलं आणि ते कुणी शोधलं तेही सांगितलं.

"या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, सात. या वर्गात ते एकटीनं बरोबर लिहिलं होतं, तबस्सुम आतारनं. तिचे चारपैकी दोन मार्क चुकीनं कापले गेले. तिला वर्गाबाहेर बसवलं तेही चुकीचं होतं."

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, मग आमचे दोन कापणार का?"

"हो."

"पण आम्हाला तर सरांनीच..."

"चूक होतं ते. बस."

दारात घाडगे सर उभे होते. कधी आले ते मला कळलं नव्हतं. त्यांच्यामागं रशीदभाई. "काशिद मॅडम, जरा बाहेर या."

"तास संपल्यावर येते, सर."

ते तिथंच उभे राहिले. मी खडू घेऊन पुढचं गणित फळ्यावर लिहायला लागले. अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण लिहीत राहिले.

पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. कुणी काही बोललं नाही, पत्र नाही, काही नाही, तासच नव्हते. तबस्सुमनं त्याच कॉलेजातून बारावी केली. रशीदभाई दाखला काढून घेतो म्हणत होते, तिनं काढू दिला नाही. पुढं ती पुण्याला संख्याशास्त्र शिकायला गेली. आता हैदराबादला असते असं ऐकते; मला तिचं पत्र नाही, फोन नाही, आणि ते मी कधी अपेक्षिलंही नाही. मी टेंभुर्णीच्या एका शाळेत लागले आणि तिथंच राहिले.

सरांवरचा माझा राग त्या खोलीतच संपला. घाडग्यांवरचा संपला नाही. ते पुढं प्राचार्य झाले, त्यांचा मोठा सत्कार झाला, मला निमंत्रण आलं आणि मी गेले नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. त्या तासानंतर पंधराएक दिवसांनी मोहोळकर काकू आमच्या घरी आल्या. दुपारची वेळ होती. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही.

"रजेवर बसवलं त्यांना," त्या म्हणाल्या. "पालक गेले होते म्हणे विचारायला. सगळं बाहेर आलं."

"मी त्यांचं नाव घेतलं नाही, काकू."

"घ्यायला कशाला पाहिजे? सगळ्या वर्गाला माहीत होतं, बीजगणित कोण शिकवतं ते." त्यांचा आवाज चिरका झाला. "तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात. दुसरं कुणी असतं तर मी बोलले नसते. तुम्ही तरी गप्प बसायचं होतं. वर्षभराचा तर प्रश्न होता."

मला त्यांच्यावर चिडायचं नव्हतं. पण चिडले.

"तिचंही वर्षच होतं, काकू. बारावीचं. तिनं काय करायचं होतं?"

त्या उठल्या. पिशवी उचलली. दाराशी जाऊन चपला घालता घालता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"कुणामुळं घरी बसावं लागलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही. रोज सकाळी तयार होऊन बसतात, शर्टाला दोन पेनं लावून. कालच म्हणाले, आज माझ्या वर्गावर कोण गेलंय गं? मी म्हटलं, उज्ज्वला काशिद. म्हणाले, मग काळजी नाही."